एकवीस दुणे बेचाळीस?

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून निघून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पौड या मार्गाने मुळशी तालुक्यातील कोळवणला पोहोचावे, तर रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरचा होतो. पिरंगुट जवळजवळ निम्म्या वाटेवर येते आणि पौड तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. पौडच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आपण तिकोन्याच्या अलीकडच्या खोऱ्यात वळतो, आणि आणखी दहा-अकरा किलोमीटरनंतर कोळवण लागते. हा रस्ता आपण या लेखापुरता मोजपट्टी म्हणून वापरणार आहोत. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ कि.मी., म्हणजे कोळवणच्या थोडे पलीकडे. अर्ध्या मॅरेथॉनचे २१.०९७५ कि.मी., म्हणजे पिरंगुटच्या थोडे पलीकडे.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये, आणि साताऱ्याच्या घाटातली अर्ध मॅरेथॉन २०१२ मध्ये. अशा शर्यतींमुळे लांब पल्ल्याचे धावणे ही केवळ निवडक खेळाडूंची गोष्ट राहिलेली नाही. शिक्षक धावतात, त्यांचे माजी विद्यार्थी धावतात, आणि एकवीस किलोमीटर पूर्ण केलेला प्रत्येक जण काही दिवसांतच विचारतो, "आता पूर्ण मॅरेथॉन केव्हा?" पाढ्याप्रमाणे एकवीस दुणे बेचाळीस होतात. शरीराचा हिशेब मात्र या पाढ्याने चालत नाही. तो कसा चालतो हे माणसाला कळायला शंभर वर्षे लागली, आणि त्यासाठी काहींनी प्राणांची किंमत मोजली. या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान पुण्यातच, आपल्या मोजपट्टीच्या शून्यापाशी, लिहिले गेले आहे.

पंचवीस मैलांची शर्यत

पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. या स्पर्धांतील मुख्य शर्यत सुमारे पंचवीस मैलांची, म्हणजे चाळीस किलोमीटरची होती. कोळवणपर्यंतचे अंतर जवळजवळ एवढेच. धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले, अनवाणी धावणारे, शर्यतीच्या युरोपीय नियमांची फारशी ओळख नसलेले. इंग्लंडमध्ये शिकलेल्या आणि तिथले खेळ जवळून पाहिलेल्या दोराबजींच्या लक्षात आले, की यांतील काहींच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या आहेत. यांना योग्य आहार आणि शिक्षण मिळाले तर ते जगापुढे उभे राहू शकतील, असे त्यांना वाटले. त्यांच्या पुढाकाराने आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच खर्चाने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला.

त्या संघातील फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावचे. मॅरेथॉनमध्ये ते आणि सदाशिव दातार असे दोघे धावले. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेली ही शर्यत ४२.७५ कि.मी.ची होती, ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद घेतले आणि ते एकोणिसावे आले. दातार यांची शर्यत पूर्ण होऊ शकली नाही.

या आकड्यांचे गणित वर्गात जरूर करून पाहावे. चौगुले यांच्या वेळेला अंतराने भागले, तर प्रत्येक किलोमीटरला ४ मिनिटांहून किंचित कमी वेळ येतो. कोलेहमाइनेन यांना सुमारे ३ मिनिटे ३४ सेकंद लागत होते. चौगुले यांचा तोच वेग आजच्या ४२.१९५ कि.मी.ला लावला, तर वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३० सेकंद निघते. सुटीच्या दिवशी धावणाऱ्या कोणालाही विचारा. तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणे हे आजही वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे फळ मानले जाते.

ही हकीगत मुळशी तालुक्याच्या संदर्भात सांगताना आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा. अँटवर्पनंतर आठच महिन्यांनी, १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीला, टाटा कंपनीच्या मुळशी धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते. शेतकऱ्यांच्या पायांतील बळ ओळखणारे दोराबजी आणि शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली घालणारा उद्योगसमूह, या एकाच काळातल्या आणि एकाच घराण्याच्या दोन बाजू आहेत. इतिहास शिकवताना यांतील एक सांगून दुसरी झाकू नये.

अंतर कसे ठरले

मॅरेथॉनचा आकडा एवढा विचित्र का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा झाली, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतची शर्यत घेण्यात आली. ते अंतर साधारण ४० कि.मी. होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधील राजघराण्याच्या सज्जासमोर संपली, आणि अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने हेच अंतर कायम केले. मीटरमध्ये ते ४२,१९५ होते. म्हणजे या आकड्यामागे शरीरशास्त्राचा काहीही विचार नव्हता.

योगायोग असा, की शरीराच्या दृष्टीने हे अंतर नेमके अडचणीच्या जागी पडले. अर्ध मॅरेथॉन हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, आणि तिच्या जागतिक विक्रमांची अधिकृत नोंदही २००४ पासूनच होऊ लागली. तरीही ती झपाट्याने लोकप्रिय झाली, याचे एक कारण ती अडचणीच्या अलीकडे थांबते हे आहे.

आपल्याकडे पेशवाईत पत्रे नेणारे जासूद आणि पुढे डाकेचे हरकारे लांबचे अंतर तोडत. डाकेच्या व्यवस्थेत एक हरकारा काही मैलांचा टप्पा धावून थैली पुढच्याच्या हाती देई. एका माणसाने न थांबता चाळीस किलोमीटर धावावे, ही गरज व्यवहारात क्वचितच पडे. टप्प्यांची युक्ती त्यावर पुरेशी होती.

कोठीतला शिधा

आता आपल्या रस्त्यावर येऊ. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. वेग थोडा कमी-जास्त झाला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. ६० किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या मॅरेथॉनला सुमारे १,२७०, पौडपर्यंत १,८०० आणि पूर्ण मॅरेथॉनला सुमारे २,५३० किलोकॅलरी लागतील.

ही ऊर्जा मुख्यतः दोन साठ्यांतून येते. पहिला ग्लायकोजेनचा. पिष्टमय अन्नातील साखर शरीर या रूपात साठवते. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम. एका ग्रॅमपासून ४ किलोकॅलरी, म्हणजे एकूण सुमारे २,०००. दुसरा साठा मेदाचा. सडपातळ माणसाच्या अंगातही आठ-नऊ किलो मेद असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी असतात. नुसत्या मेदावर धावता आले असते, तर एकामागून एक तीस मॅरेथॉन धावता आल्या असत्या! परंतु मेदापासून ऊर्जा सावकाश मिळते, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजनही अधिक लागतो. वेग वाढला की शरीर मेद बाजूला ठेवून ग्लायकोजेनकडे वळते.

येथे आणखी एक मेख आहे. स्नायूंतील ग्लायकोजेनची साखर करून ती रक्तात सोडण्यासाठी जे विकर लागते, ते यकृतात असते, स्नायूंत नसते. त्यामुळे दंडातील साठा पोटरीच्या उपयोगी पडत नाही. शेजारच्या घरात कोठी भरलेली असावी आणि आपल्या घरात चूल पेटू नये, अशी ही अवस्था. म्हणून कागदावर २,००० दिसणारा साठा प्रत्यक्षात पायांना त्याहून बराच कमी मिळतो. मेदाची जोड धरूनही कमी तयारीचा माणूस तीस-पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान, म्हणजे पौडच्या आगेमागे, रिकाम्या कोठीशी येऊन थांबतो. पाय जड होतात, वेग एकदम कोसळतो आणि डोकेही नीट चालेनासे होते, कारण मेंदू मुख्यतः रक्तातील साखरेवर चालतो. धावपटू याला 'भिंत' म्हणतात. पिरंगुटला पोहोचणाऱ्याला ती बहुधा दिसतच नाही. दुसऱ्या एकवीस किलोमीटरचे स्वरूप पहिल्यासारखे का नसते, याचे उत्तर इथे आहे.

पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेल्या एका सूत्रातही हेच दिसते. अंतर दुप्पट झाले की वेळ दोनाच्या १.०६ व्या घाताने, म्हणजे सुमारे २.०८५ पटीने वाढते. अर्ध्या मॅरेथॉनला २ तास लागले, तर पूर्णला ४ तास १० मिनिटे. लॉगॅरिथम शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडते. अर्थात हा अंदाज पूर्ण तयारी केलेल्या धावपटूचा आहे. ज्याची तयारी अपुरी आहे, त्याला यापेक्षा पुष्कळच जास्त वेळ लागतो. उलट, भिंत ओलांडता येते याचाही पुरावा आहे. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टम २ तास ३५ सेकंदांत धावले, तेव्हा त्यांची पहिली निम्मी शर्यत ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरी ५९ मिनिटे ४७ सेकंदांत झाली होती.

साखर, पाणी आणि मीठ

चौगुले धावले त्या काळी यांतले फारसे कोणाला माहीत नव्हते. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये विजेते टॉमस हिक्स यांना वाटेत पाण्याऐवजी स्ट्रिक्नीन हे विष, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी देण्यात आली होती. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या उन्हात पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो शर्यतीत कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले.

अँटवर्पनंतर चार वर्षांनी, १९२४ मध्ये, बोस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंचे रक्त तेथील डॉक्टरांनी तपासले. जे अगदी गळून गेले होते, त्यांच्या रक्तात साखर फार कमी आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना शर्यतीआधी पिष्टमय आहार आणि शर्यतीत साखरेच्या गोळ्या दिल्या. लक्षणे टळली आणि धावण्यातही सुधारणा झाली. इतका साधा प्रयोग, पण बराच काळ तो विस्मरणात गेला. १९६० च्या दशकात बेर्गस्ट्रोम आणि हुल्टमान या स्वीडिश शास्त्रज्ञांनी सुईने मांडीच्या स्नायूचे कण काढून ग्लायकोजेन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा साठा संपणे आणि माणूस थकणे यांचा संबंध निर्विवाद झाला.

पाण्याच्या बाबतीत विज्ञानाचा लंबक दोन्ही टोकांना जाऊन आला. आधी पाणी न पिणे हे धैर्याचे लक्षण मानत. नंतर भरपूर प्या, असा सल्ला सुरू झाला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण धोक्याच्या रेषेखाली गेलेले होते. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे त्याचे मुख्य कारण. तहान लागेल तसे, थोडे थोडे आणि मीठ-साखर घालून, हा आजचा शहाणा सल्ला आहे. आपले लिंबू-गूळ-मिठाचे सरबत त्यात चपखल बसते.

उष्णतेचे गणितही पाहू. २,५३० किलोकॅलरींपैकी साधारण २,००० उष्णतेच्या रूपात बाहेर पडतात. ही उष्णता अंगातच राहिली, तर ६० किलोच्या शरीराचे तापमान ४० अंशांनी वाढेल! ते वाढत नाही, कारण एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी निघून जातात. पण वाफ व्हायला हवा कोरडी हवी. जून-जुलैत मुळशीच्या दमट हवेत घाम नुसता टपकतो आणि शरीर थंड होत नाही. डिसेंबरच्या पहाटे तोच घाम आपले काम करतो. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या शर्यती हिवाळ्यात असतात, यामागचे विज्ञान हे आहे.

सराव म्हणजे काय घडते

दीर्घ सरावाने काय साधते? १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही महिने चाकोरीबद्ध धावायला लावले. त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या कारखान्यांची, क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. माणसातही असेच घडते. तंतुकणिका वाढतात, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पूर्वी ज्या वेगाला ग्लायकोजेन लागत असे, त्याच वेगाला आता मेद अधिक वापरला जातो. कोठी तेवढीच राहते, उधळपट्टी थांबते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडिअर्ड यांनी हे प्रयोगशाळेच्या आधीच ओळखले होते. त्यांचे शिष्य आठवड्याला सुमारे शंभर मैल, बरेचसे संथपणे, धावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी ८०० मीटर आणि ५,००० मीटरमध्ये सुवर्णपदके आणि मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवले. याच मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला अनवाणी धावून पहिले आले. डेक्कन जिमखान्यावरच्या शेतकऱ्यांचे उघडे पाय हे त्यांचे वैगुण्य नव्हते, हे त्यानंतर कोणी वेगळे सांगायला नको. त्यांना कमी पडला तो वर्षांचा पद्धतशीर सराव, आणि तो करायला लागणारी सवड.

स्त्रियांना ही संधी आणखी उशिरा मिळाली. त्यांच्या शरीराला हे झेपणार नाही, असे कोणताही पुरावा नसताना मानले गेले, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये प्रथम झाली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले होते. पुढे त्या मॅरेथॉनकडे वळल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला त्यांनी २ तास ३८ मिनिटांत शर्यत जिंकली, तर ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकला त्यांना २ तास ५९ मिनिटे लागली. धावणारी तीच, अंतरही तेच, वर्षही तेच. एवढ्या अनुभवी खेळाडूच्या वेळेतही वीस मिनिटांचा फरक पडू शकतो; मॅरेथॉन काय आहे हे समजायला एवढे पुरे.

कोळवणच्या धावपटूसाठी

समजा, कोळवणच्या शाळेतून बाहेर पडलेली एखादी विद्यार्थिनी अर्ध मॅरेथॉन धावून आली आहे आणि तिला पुढे जायचे आहे. तिच्या शिक्षकांनी काय सांगावे?

पहिली गोष्ट वयाची. पूर्ण मॅरेथॉनला बहुतेक मोठ्या शर्यतींत किमान वय १८ वर्षे ठेवलेले असते, आणि ते योग्य आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ थर असतात. त्यांवर वारंवार येणारा ताण टाळावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी पाच-दहा किलोमीटर उत्तम धावावे. त्यांचे काहीही बुडत नाही, कारण मॅरेथॉनची उमेदीची वर्षे पुढेच असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. अर्ध मॅरेथॉन सहज धावता येऊ लागल्यावर सोळा ते वीस आठवडे हवेत. आठवड्यातून एकदाच लांब धावावे, तेही बोलता येईल इतक्या संथ गतीने. हे अंतर दोन-तीन किलोमीटरने वाढवत तीस-बत्तीसपर्यंत न्यावे. दर चौथ्या आठवड्याला ते कमी करावे, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे सराव उतरवत आणावा. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात. बऱ्याच दुखापती या दोन वेगांतल्या तफावतीतून होतात.

तिसरी गोष्ट शिदोरीची. तासाभरापेक्षा जास्त धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जावी. एका मध्यम केळ्यात पिष्टमय पदार्थ साधारण २५ ग्रॅम असतात. आदल्या दिवशी भात-भाकरी पोटभर खावी, आणि शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ खाऊ नये.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा घरात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. पौड रस्त्यावर वाहतूक मोठी आहे. पहाटे धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. कोळवण खोऱ्यातले आतले रस्ते त्यामानाने बरे.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. फळ्यावर डेक्कन ते कोळवण अशी रेषा काढा. प्रत्येक गावापुढे अंतर लिहा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपापल्या वजनाप्रमाणे तिथपर्यंतची ऊर्जा काढू द्या. मग ५०० ग्रॅम ग्लायकोजेनची ऊर्जा कोठे संपते तिथे खूण करा. वजनाप्रमाणे खुणा थोड्या मागेपुढे पडतील, आणि शरीरात ग्लायकोजेनही वजनाप्रमाणे कमी-जास्त असणार, हे कोणीतरी नक्की विचारील. तसे विचारले गेले, की शरीरशास्त्राचा तास सुरू झाला असे समजावे.